उपस्थिती

उलुबारीच्या खोलीत तिघींत एक पंखा,
उशाशी माझी चालू घडामोडींची वही.
चालू म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.
आमचं गावच चालू आहे.
वीस वर्षांत चार वेळा उठून चालू लागलं
खांब, पत्रे, हातमाग, कोंबड्यांची डालगी
सगळं होडीत घालून.

पुस्तकातल्या नकाशात नदी निळी असते.
आमच्या लुइतला तो रंग कुणी दिला, देव जाणे.
ती आटलेल्या चहासारखी,
आणि रात्री काठ कोसळतो तेव्हा
आधी आवाज येत नाही.
आधी कुत्री गप्प होतात.

खालील विधाने विचारात घ्या.
एक : प्राथमिक शाळा नदीच्या काठावर आहे.
दोन : प्राथमिक शाळा आहे.
वरीलपैकी कोणते विधान बरोबर?

माझे वडील रत्नकांत ताइद, सहायक शिक्षक.
आधी शाईच्या पेनानं मस्टरवर सही करत,
टीपकागद दाबून, सावकाश.
आता हजेरी फोन घेतो.
वर उपग्रहाला विचारतो
आणि सांगतो गुरुजी शाळेत आहेत की नाहीत.
शाळा मागच्या आषाढात हलली.
पोरांनी बाकं डोक्यावर घेतली,
फळा चौघांनी ताटीसारखा आडवा धरून नेला,
पण अक्षांश-रेखांश मागेच राहिले.
अर्ज गेलेत. तीन.
तोवर फोन रोज म्हणतो :
आपण शाळेच्या आवारात नाही.

आवार पाण्यात आहे.

म्हणून साडेआठला भद्रेश्वर मिली
बाबांना होडीतून नेतो, नदीच्या मधोमध,
जिथे तिसरीचा वर्ग भरायचा.
बाबांचा एक हात होडीच्या काठाला, दुसरा आभाळाकडे.
धार ओढते. भद्रेश्वर बांबू रोवून धरतो,
'जरा मागे घेतो, गुरुजी,
आपण मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलो.'
मग कधीतरी पडदा हिरवा होतो.
हजर.
जाऊन-येऊन चाळीस रुपये.
नदीत हजर राहून
ते मुलांकडे उशिरा पोचतात.

शिकवणीतले सर सांगतात :
उत्तरात आकडेवारी घाला, छोटा नकाशा काढा,
शेवटी 'पुढील दिशा', दीडशे शब्दांत आटपा.
मी लिहिते : मातृभाषेतून शिक्षण.
धोरण यायच्या कितीतरी आधी
बाबा पहिलीला मिसिंगमधून शिकवत होते,
कारण पोरांना दुसरं काही येतच नव्हतं.
मी लिहिते : कमी पटाच्या शाळांचं विलीनीकरण,
आणि 'विलीन'पाशी पेन अडतं.
कागदावर शाळा शाळेत विलीन होते,
आमची कशात झाली ते
दीडशे शब्दांत बसतं, तीनातही बसतं.
सरांनी लाल शाईत शेरा दिला :
भावनिक. संतुलन ठेवा.
दहापैकी साडेतीन.

काल सराव-मुलाखत.
मधल्या बाई म्हणाल्या, आपलं गाव दाखवा जरा.
मी विचारलं, हा नकाशा कोणत्या सालचा?
पॅनेल हसलं.
मी विनोद केला नव्हता.
बोट ठेवलं ते निळ्यावर,
आणि बराच वेळ उचलवेना.

रात्री बाबांचा फोन.
काय खाल्लंस, पंखा चालतो का, झोपतेस कधी.
मग जरा घुटमळून :
तू लागलीस म्हणजे
ते शाळेचं ठिकाण बदलणं तुझ्या हातात येईल का गं?
नाही बाबा, म्हटलं. तो विभाग वेगळा.
अच्छा, ते म्हणाले,
मग भद्रेश्वरला महिन्याचंच ठरवून टाकतो,
थोडं स्वस्त पडेल.

मागे कुत्री भुंकत होती.
मला बरं वाटलं.