ट्रेड : पेंटर

हवालदार निकाडे टेबलामागून विचारतात, काय पाहिजे?
मी म्हणतो, पेंटर.
ते परत विचारतात. मी परत तेच म्हणतो.
रांगेतलं हसू माझ्या मानेवर येऊन बसतं.

पेंटर म्हणजे करणार काय रे तू?
गाड्यांचे नंबर, साहेब.
क्वार्टरच्या दारावरची नावं, वाळूच्या बादल्यांचा लाल,
टाकी कधी धुतली त्याची तारीख,
थांबा, ओळखपत्र दाखवा.
एवढी मोठी बेळगावची छावणी,
कुणीतरी लिहीतच असेल की.

आमच्या अप्पांनी खानापूरपासून हलशीपर्यंत
दुकानांना नावं दिली, दोन्ही लिपींत.
म्हणायचे, मराठी अक्षर दोरीवर वाळत घातल्यागत लोंबतं,
कन्नड अक्षर खाली बसतं, डोईवर एवढीशी शेंडी घेऊन.
दोघांना एका फळीवर नांदवायचं
तर मधली जागा मोजता आली पाहिजे.
रात्री कुणीतरी काळं फासून जायचं.
सकाळी दुकानदार आमच्या दारात,
अन् अप्पा पाटी हुंगून म्हणायचे,
हा रंग आपल्याकडचाच. परवा उधारीवर गेलेला.
मग फ्लेक्स आले.
काळं फासणारे थांबले नाहीत, अप्पा थांबले.

कागदावर मी दोन माणसं आहे.
आधारावर यल्लप्पा, शाळेच्या दाखल्यावर येल्लाप्पा.
एक मात्रा, एक काना.
पाटीवर असते तर चिंधी अन् टर्पेंटाइन, पाव तासाचं काम.
इथं शंभराचा बाँड लागला, वकील लागला,
शपथ घ्यावी लागली की मी म्हणजे मीच.

गेटासमोर चहाच्या गाड्यावर एकजण, पांढरे बूट घातलेला.
म्हणाला, ट्रेड पाहिजे तो मिळतो.
पेंटरला दीड, क्लार्कला चार.
मी विचारलं, पावती?
तो चहाचे पैसे न देताच उठला.

पहाटे चारला मैदानावर निकाडेसाहेबांनी हाक मारली,
ए पेंटर.
नंबर घालणाऱ्या शिपायाचा एक अन् सात सारखाच पडत होता.
मार्कर माझ्या हातात आला.
पावणेदोनशे पोरं, उघडी, थंडीनं काटा आलेली.
काट्यावर शाई धरत नाही.
आधी तळव्यानं घासून ऊब द्यायची, मग आकडा.
नंदगड, मुतगे, हुक्केरी, सौंदत्ती.
कुणाच्या आत केवढ्यानं वाजतंय
ते मार्करच्या टोकाला कळत होतं.
शेवटी माझा. चारशे सतरा.
मान खाली घालून, उलटा.

मग माझी चूक झाली. मी जोरात पळालो.

निकाडेसाहेब खूश.
असले पाय घेऊन ब्रश धरतोस?
जीडी भर. पेंटरच्या जागा नाहीत या वेळी.
काल होत्या, साहेब.
काल होत्या. तू आधी आत ये,
आत आल्यावर बघू, मी बोलतो.
मी म्हटलं, तेवढं लिहून द्या.

शेजारचा कारकून टाइप करायचा थांबला.
साहेब हसले, वाईट नाही हसले,
माझा दाखला माझ्याकडं सरकवत म्हणाले,
पोरा, इथं लिहून देत नाहीत. लिहून घेतात.
गुरुवारपर्यंत सांग.

घरी मोरीत घासघासून आकडा गेला नाही.
आईनं विचारलं, घेतलं काय रे?
अप्पांनी काही विचारलं नाही.
चष्मा लावला, दिव्याखाली ओढलं मला,
बोट हवेतच ठेवून सातावरून फिरवलं.
शेपटी लांबली, म्हणाले. उलटा लिहिलास?
व्हय.
मग चालतंय.
खरं, चाराच्या पुढं जागा कमी सोडलीस.