काठावर

गोर्लिट्झमध्ये एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास.
पूल ओलांडला, की झ्गोझेलेत्समध्ये
सहाला डोक्यावर घेतात
आणि एकाला म्हणतात सोटा:
सरळ, उभा, पाठीत बसणारा.
मधे नदी. तिलाही नावं दोन,
इकडे नायसे, तिकडे निसा.

मी राहते तिकडे, शिकवते इकडे.
सकाळी सव्वासातला पुलावर
डोक्यातली मोजपट्टी उलटी धरायची,
संध्याकाळी पुन्हा सुलटी.
बावीस वर्षं झाली. अजूनही कधी
मधोमध पोचल्यावर आठवत नाही
चांगलं कुठल्या टोकाला ठेवलंय ते.

नोव्हेंबरात पाचवीला निबंध घातला, 'माझा काठ'.
यागोडा व्रोना, वय दहा, वर्गात येऊन तीन महिने.
जर्मन नामांची लिंगं तिच्या हातात
मांजराच्या पिल्लांसारखी वळवळतात.
तिनं लिहिलं:
नदीला दोन्हीकडची भाषा येते
म्हणून ती कुणाशीच बोलत नाही.

एकोणीस चुका. मी मोजल्या.
त्या वाक्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.
लाल पेनानं चार लिहिला.
चार, म्हणजे इकडच्या हिशेबात पुरेसं,
म्हणजे काठावर पास.

त्याच गठ्ठ्यात लेनार्ट श्यूबेलचा एक.
एकाखाली मी तीन ओळी लिहिल्या होत्या:
तुझ्या निबंधात सगळं आहे, लेनार्ट,
फक्त तू नाहीस.
पाय गार पडले होते का, ते लिही.
त्यानं आकडा पाहिला, वही मिटली.
मागच्या बाकावरच्या मुलीनं
आपला पाच पाहिला. तिनंही मिटली.
उत्तम आणि वाईट, दोन्ही वह्या
मिटतानाचा आवाज एकच.

गुरुवारी पुलावर तिचा बाप भेटला.
बेकरीतली रात्रपाळी, भुवयांत पीठ.
टोपी काढून म्हणाला, "बाई, चार!
तीन महिन्यांत चार!
मला भाषेत जन्मात कुणी तीनच्या वर दिले नाहीत.
काल घरी केक कापला आम्ही."
त्याच्या मागे यागोडा
बुटाच्या टोकानं पाचोळा उकरत होती.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
तिला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

मी तोंड उघडलं. खालून बरंच पाणी गेलं.
"हो," म्हणाले, "चांगलं लिहिते."
खोटं नव्हतं ते.
पुलाच्या त्या अर्ध्यात उभी होते मी.

सोमवारी तिनं, कुणी न सांगता, चार पानं आणली.
चुका तितक्याच, कदाचित जास्त,
पण वाक्यं आता पाण्यात उतरली होती
चपला हातात घेऊन.
समासात पेन्सिलीनं:
पूल स्त्रीलिंगी कसा? कुणी ठरवलं?
घाबरून नव्हे, भांडायला विचारलेलं.

मी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
समासात उत्तर लिहिलं, त्याखाली एक प्रश्न.
आकडा नाही.
मग सगळ्यांनाच तसं केलं, डिसेंबरभर.
मागच्या बाकावरची वही उघडी राहू लागली.
लेनार्ट मात्र पानं उलटसुलट करून शोधायचा,
"पण माझे किती, बाई?"
एकदा रडला.
माझ्याकडे त्याच्यासाठी अजून उत्तर नाही.

जानेवारीत प्रगतिपुस्तकं.
रकाना रिकामा ठेवता येत नाही,
कार्यालयातून दोनदा फोन येतो.
यागोडा सुधारली आहे. इकडच्या हिशेबानं, तीन.
आणि पूल ओलांडला, की तीन म्हणजे घसरण.
कापलेला केक परत जोडायचा कसा?

पेन हातात धरून मी तिलाच विचारलं.
बाईनं असं विचारू नये, ठाऊक आहे.

ती दप्तराचा पट्टा आवळत होती.
"तीनच द्या," म्हणाली,
"बाबांना मी वाचून दाखवीन."