राजाच्या नावाची जागा

इनास वेगस आगबोटीवरून परतला
तेव्हा ओट्यांवर सुकट पसरली होती,
आणि आमचे पाद्री अजून दर रविवारी
राजाला दीर्घायुष्य मागत होते.
राजा ऑक्टोबरातच पळाला होता.
तसं पत्र आलं होतं म्हणे. पाद्रींनी ते
प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घालून ठेवलं होतं.

मी देवळाची घंटा वाजवतो, वेदीची कापडं धुतो.
लिस्बन कुठल्या वाऱ्यावर आहे, मला काय ठाऊक.
खाडीपलीकडं रेवदंडा आहे, एवढं दिसतं.

इनास जाळं सांधत सांगायचा.
त्याला धक्क्यावरच्या हमालांनी सांगितलेलं.
त्यांची भाषा निम्मी आमच्या कोर्लईची निघाली,
उरलेली निम्मी हातवाऱ्यांची.

रात्री एकला तोफांची खूण ठरली होती.
कुणी तीन बार मोजले,
कुणाला एकही ऐकू आला नाही.
आरमाराचा म्हातारा म्होरक्या
'बुडालं सगळं' म्हणत अंधारात गेला
आणि त्यानं स्वतःवर गोळी झाडली.
बुडालं नव्हतं.
"सकाळपर्यंत थांबला असता तर?"
इनासनं दातानं सूत तोडलं.

टेकडीवरच्या चौकात अंमलदार होते,
ते उजाडता उजाडता घरी गेले.
उरले शिपाई, खलाशी, पाववाले,
आणि एक न्हावी,
त्यानं आडोशाला आपली खुर्ची दिली.
मग लढाऊ बोटींनी राजवाड्यावर गोळे टाकले.
राजा वीस वर्षांचा. आदल्या रात्री
पाहुण्यांबरोबर पत्ते खेळत बसलेला.

आणि मग ते पांढरं कापड.
कुठल्याशा परक्या देशाचा वकील निशाण धरून निघाला:
आमची माणसं बाहेर काढू द्या,
तासभर बंदुका थांबवा.
लोकांना वाटलं, फौज शरण आली!
घराघरांतून माणसं ओतली रस्त्यावर,
शिपायांच्या गळ्यात पडली.
आता शिपाई गोळी घालणार कुणाला?

"म्हणजे चुकून जिंकले," मी म्हणालो.
"चुकून कसे? तसलं कापड दिसायची
सगळे किती वर्षं वाट बघत होते."

राजा आईला घेऊन एका मासेमारांच्या पुळणीवर आला.
टोपल्या नि खोकी रचून त्याला पायरी केली,
मासळीच्या होडीतून मोठ्या बोटीवर पोचवलं.
काठावर गर्दी. दगड नाही, जयजयकार नाही.

"आणि होडीचं भाडं?" सांतानच्या रीतानं विचारलं.
आम्ही हसलो. इनास हसला नाही.
"तेवढंच विचारायचं राहिलं," म्हणाला.

नाताळाच्या आधी त्याची बोट पुन्हा तिथं लागली.
तेच हमाल संपावर बसलेले.
समोर तेच शिपाई,
टोपीवरचा मुकुट तेवढा उसवलेला,
दोरे लोंबत होते.

त्या रविवारी पाद्री राजाच्या नावापाशी आले
आणि थांबले.
पुस्तकातलं पत्र बोटाला लागलं असावं.
एवढी वर्षं त्या जागेवर नाव होतं,
ते निघालं तर मागं गडाच्या पायथ्याला
लाटा आपटतात तो आवाज आला.
इतका जवळ असतो समुद्र, कधी कळलं नव्हतं.

मागच्या रांगेतून रीता म्हणाली,
"माझ्या जुजेसाठी. एडनला आजारी आहे."
मग कुणी बंदरावर अडकलेल्या मचव्यासाठी मागितलं,
आणि दुमिंगनं, आधी खोकून घेऊन,
खोताच्या वहीतून आपलं आगर सुटावं म्हणून.
खोताचा कारभारी दाराशीच उभा होता.
पाद्री 'आमेन' म्हणाले नाहीत.
आम्ही म्हणालो.

दुपारी मी वेदीचं कापड धुतलं,
गडाच्या उतारावर करवंदीच्या जाळीवर पसरलं.
खाली एक मचवा मुखातून बाहेर निघालेला,
तो कापड बघून वळला, काठाकडं येऊ लागला.

मी हात हलवून काही सांगू शकलो असतो.