चार थेंब

मुर्मान्स्क. डिसेंबर. सकाळचे दहा वाजलेत
आणि खिडकीत काळं, नुसतं काळं.
टेबलावर लोणी लावलेला पाव, चहाचा पेला
आणि ती अंगठ्याएवढी तपकिरी बाटली.
चमच्यावर तिरकी धरायची, श्वास रोखायचा:
एक.
दोन.
तिसरा रेंगाळतो, बाटलीच्या ओठाशी लोंबत राहतो
आमच्या रोदिओनसारखा.
शाळेला निघताना तोही असाच दारात थबकायचा.
चार.

तपासणीच्या कागदावर आकडा आला होता अकरा.
शेजारी बारीक अक्षरात: तिसाच्या वर हवा.
मी हसले. म्हटलं, अकरा काय कमी झाले?
इथे चाळीस दिवस सूर्यच शून्य असतो.
डॉक्टर कोवळा पोरगा, तिमूर इल्दारोविच. तो हसला नाही.
"रिम्मा अर्काद्येव्ना, जिना चढताना मांड्या भरून येतात ना?
रात्री नडग्या ठणकतात ना?"
याला कुणी सांगितलं?
मी तर सगळं वयावर ढकललं होतं.
म्हातारपणाचं एक बरं असतं,
कुठलंही दुखणं त्याच्या खुंटीला टांगता येतं.

एकतीस वर्षं मी बालवाडीत ऊन वाटलं.
खरंच सांगते. तळमजल्यावरची खोली,
मधोमध क्वार्ट्झचा दिवा, भोवती खडूचं रिंगण
आणि रिंगणावर नुसत्या चड्डीतली चौदा पोरं,
डोळ्यांवर काळे गोल चष्मे, हातात हात,
घुबडाची पिल्लं जशी.
मिनिट मी मोजायची. एक पुढून.
"वळा!"
एक पाठून.
हवेला वास यायचा, जवळ कुठे वीज पडून गेल्यासारखा.
मग रांगेत माशाचं तेल, त्यावर खारवलेल्या काकडीची चकती.
ल्युस्या चमचा दिसला की दात आवळायची,
मी नाक दाबायची.
ती आता कुठे सरहद्दीपलीकडे असते, नातवंडांचे फोटो पाठवते.
हसते तेव्हा सगळे दात जागच्या जागी.

मी मात्र रिंगणाबाहेर.
पांढरा कोट, बाह्या मनगटापर्यंत,
हातात घड्याळ,
दिव्याकडे पाठ.

पहिल्या आठवड्यात मी लबाडी केली.
चार थेंबांनी काय होणार, म्हणून अर्धा चमचा भरला.
एकतीस वर्षांची बाकी, म्हटलं, एकदम फेडून टाकू.
दोन दिवसांनी सहज फोनवर बोलून गेले
तर तिमूर इल्दारोविचचा आवाज चढला:
"हे काय ऊन आहे, नको झालं की सावलीत जायला?
आत गेलेलं आत साठत राहतं.
रोज चार. जेवताना. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त."
एवढंसं पोर!
मीही असंच ओरडायची,
चष्मा कपाळावर सरकवून
दिव्याकडे थेट बघणाऱ्या गेनावर.

जानेवारीच्या अखेरीस सगळे टेकडीवर गेले, मीही गेले.
थर्मास, धिरड्यांचे डबे, कुणाचं तरी कुत्रं लाल स्वेटरात.
दुपारी कधीतरी डोंगराच्या काठावर
सूर्य निघाला. निघाला म्हणजे काय,
पितळी परातीची नुसती कड.
लोक ओरडले, मीही ओरडले.
मला ठाऊक होतं, हे ऊन हाडांपर्यंत पोचत नाही,
एप्रिलपर्यंत ते फक्त बघायचं असतं, असं तिमूर म्हणतो.
तरी टोपी मागे सारली, मफलर सोडला,
तोंड पुढे करून मनात साठ मोजले.
मग आपली आपणच म्हटलं, वळा,
आणि वळले.
शेजारची बाई विचारते, काय झालं, विसरलात का काही?
मी म्हटलं, नाही हो,
पाठ राहिली होती.

घरी आले. जिन्यावर दोनदाच थांबले.
पाव कापला, लोणी लावलं,
बाटली दिव्यासमोर धरून पाहिली: तळाशी बोटभर.
एक. दोन.
ये रे बाबा, चहा निवतोय.