नेट बरोबर आहे

सोहारच्या बंदरात मला कुणी बोलायला सांगत नाही.
मी रिगर. डोक्यावर हेल्मेट, आणि हे हात.
तर्जनी वर, गोल फिरव : उचल.
तर्जनी खाली : सोड, अजून सोड, टेकू दे.
अठरा टनांचा पाइप
माझ्या एका बोटाचं ऐकतो,
आणि बोट कधी अडखळत नाही.

अडखळतं ते नाव. माझंच.
बाकीचे शब्द बदलून घेता येतात.
समोर क दिसला की मी आधीच वळतो :
'कंटाळलोय'च्या जागी 'दमलोय',
'काल'च्या जागी 'आदल्या दिवशी'.
कॅफेटेरियात अकरा वर्षं
मनात करक, तोंडात 'लेमन टी'.
लिंबाचा चहा मला आवडत नाही.

पण नावाला दुसरा शब्द कुठून आणू?
गेटवर विचारतात, नेम?
के… के…
तेवढ्यात कुणीतरी मदतीला धावतं :
केशव? केवल?
एकदा पासवर केशव छापून आलं.
तीन आठवडे मी केशव होतो.
दुरुस्त करायला फोन करावा लागला असता.

फक्त खमीस, सकाळपाळीचा,
पेन कागदावर टेकवून बसतो.
नजर खाली घालत नाही, हसत नाही,
घड्याळ बघत नाही.
मागे ट्रकांची रांग भोंगे वाजवते.
र… बा,
मी पोचतो तेव्हा तो तिथंच असतो.

गावाकडं मला वेखंड उगाळून चाटवलं.
जिभेखाली गोट्या ठेवल्या.
आत्या म्हणायची, तान्हा असताना फार गुदगुल्या केल्यात याला.
मास्तर म्हणायचे, घाबरू नको, सावकाश, श्वास घे.
मास्तर, श्वास होता.
शब्दही होता, लख्ख, दिवा लावल्यासारखा.
मधलं दार तेवढं उघडत नव्हतं.
तुम्ही धरणाचं नाव विचारलंत,
उत्तर 'कोयना' होतं.
मी म्हटलं, 'माहीत नाही',
आणि हातावर छडी घेतली.
ती सोपी होती.

परदेशानं एक सोय केली.
शुक्रवारी घरी व्हिडिओ कॉल.
मी अडकलो की तनुजा म्हणायची,
हॅलो? तुटतंय हो. नेट गेलं वाटतं तुमचं.
मी म्हणायचो, हो. नेट.
तिला माहीत होतं.
तिला माहीत आहे, हे मला माहीत होतं.
तरी आम्ही दोघं मिळून
ओमानच्या टॉवरला बोल लावत राहिलो,
आणि पोरगी शेजारी बसून ऐकत राहिली.

गेल्या शुक्रवारी ईश्वरी स्क्रीनवर आली. साडेपाच वर्षांची.
पुढचे दोन दात पडलेले, ते दाखवायचे होते.
ब… ब…
आणि थांबली.
डोळे गच्च. मान किंचित डावीकडं.
ती मान माझी आहे.
मग तिनं वळण घेतलं, माझ्यासारखंच, सफाईनं :
'पप्पा,' म्हणाली,
'माझं पण नेट गेलं.'

जन्मल्यापासून ती मला बाबा म्हणते.

खोलीत कुकरची शिट्टी झाली.
वरच्या बाजेवरचा मुनाफ कूस वळला.
मी म्हटलं, ईश्वरी,
नेट बरोबर आहे.
चारी रेघा भरलेल्या आहेत, बघ.
अ… अडकतो तो मी.
क वर अडकतो. तू ब वर.
लबाडी नाही, आजार नाही, कुणाची दृष्ट नाही,
काही जणांचं बोलणं असं चालतं.
तुला जे म्हणायचं होतं तेच म्हण.
पुढचा शब्द मला माहीत आहे,
पण तो मी सांगणार नाही. तुझा आहे.

तनुजा मागून काहीतरी बोलणार होती.
बोलली नाही.

ब…

मी दोन्ही हात छातीशी आणून
एकमेकांत गुंफले.
आमच्या खुणांत याचा अर्थ :
सगळं जिथल्या तिथं थांबू दे.
वजन हवेत आहे.
धरलंय.