लाल टॅग

वाळूजला, पत्र्याच्या शेडखाली
एकोणीस वर्षं मी कुकरच्या रिंगा तपासते.
ताणायच्या, सोडायच्या, परत मापाला येतात का पाहायच्या.
मग नाकाजवळ धरायच्या.
चांगल्या मालाला वास नसतो,
हे सोनटक्के सुपरवायझरनं शिकवलं;
पुढचं सगळं नाकानंच.

ज्या रिंगेखाली वरण शिजतं
तिला सर्टिफिकेट लागतं.
तीन सह्या. त्यातली एक माझी.

मार्चमध्ये बजाजनगरच्या खोलीवर एक खोकं आलं.
वर लिहिलेलं : मसाजचं साधन, मानेसाठी.
मानेसाठी नव्हतं.
वय त्रेचाळीस. नवरा जाऊन सहा वर्षं झाली,
गेला म्हणजे पुण्याला गेला, तिथलाच झाला.
एवढंच सांगते, पुढचं विचारू नका.

गुलाबी. लिबलिबीत.
खोकं उघडलं तर खोलीभर
नव्या प्लास्टिकच्या चपलेचा वास.
नाकानं तेव्हाच नापास केलं होतं.
मीच म्हटलं, गप बस,
एकशे नव्व्याण्णव रुपयांत अजून काय येणार.

चार दिवस आग.
लाइनीवर उभी राहिले, दात आवळून,
हातातून रिंगा जात राहिल्या, पास, पास, पास.
मेडिकलवाल्या पोराला म्हटलं, खाजेचं मलम दे.
तो म्हणाला, कुठं लावायचंय, हाताला का पायाला?
मी म्हटलं, हाताला.

रविवारी खिडकी उघडी टाकून
त्याचा एक कोपरा ब्लेडनं कापला,
चिमट्यात धरून गॅसवर नेला.
काळा धूर. काजळीचे धागे छताला.
सिलिकॉन असतं तर पांढरी राख पडली असती,
बुक्क्यासारखी काळी नाही,
भस्मासारखी पांढरी. हजारदा पाहिलीय.
आणि हे, खोक्यात पडल्या पडल्या
तेल सोडत होतं अंगातून.
मऊ राहावं म्हणून कालवतात तसलं काहीतरी.
कालवलेला मऊपणा टिकत नाही,
ज्याला शिवतो त्याच्यात मुरतो.
(हे फक्त प्लास्टिकबद्दल बोलतेय.)

दुसऱ्या वेळी फोन लावला.
माल कशाचा? कागद आहे का? लॉट नंबर?
पलीकडचा पोरगा गोंधळला :
मॅडम, सगळे घेतात, असं कुणी विचारत नाही.
म्हटलं, मी विचारते. मला त्याचाच पगार मिळतो.

आलं ते निळं. शिवण नाही, भोक नाही, वास नाही.
मोटारीचं मुद्दाम नाही घेतलं, उकळता यावं म्हणून.
चहाचं जुनं पातेलं त्याला देऊन टाकलं.
पाच मिनिटं, खळखळ.
शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं,
काय शिजवायलीस गं?
म्हटलं, अंडं.

शमीमला सांगितलं, डबा खाताना, आवाज खाली घेऊन.
तिनं भाकरी मोडायची थांबवली.
माझ्या जावेलाबी तसलीच आग झालती, म्हणाली,
तिला वाटलं, अल्लानं शिक्षा दिली.
शिक्षा कामून? म्हटलं, माल खराब होता.
तिला सांग, आधी नाकाजवळ धर,
वास आला की परत.
शमीम हसली, मग बराच वेळ
नुसती ठेच्याकडं बघत बसली.

कंपनीत नापास मालाला लाल टॅग लागतो.
एक घरी आणला होता.
नग : एक. कारण : वास, तेल, आग.
तारीख टाकली, सही केली.
‘वापर’ असा एक रकाना असतो,
त्यात आम्ही कायम ‘कुकर’ लिहितो.
पेन तिथं थोडं थांबलं.
मग स्वच्छ अक्षरात लिहिलं : मी.

तुकडे करून कागदात गुंडाळलं,
टॅगसकट घेऊन खाली गेले.
घंटागाडीवाला हात पुढं करून म्हणाला,
ओला का सुका?

घातक, म्हटलं.

त्याच्याकडं तिसरा डबा नव्हता.