लाठी जमा

रविवारी सकाळी सातला परेड.
सहा दिवस मी हळदीच्या गिरणीत, पॉलिशच्या ड्रमाजवळ,
सातव्या दिवशी खाकीत.
साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलही झालं,
नखांच्या कडेचा पिवळा काही जात नाही.
पलटण नायक म्हणतो,
वैजयंता, साहेब आले की हात मागे.

आमच्यात नदाफ आहे, लग्नात क्लॅरिनेट वाजवतो.
त्याला दोन गणवेश. झालर बँडच्यालाच जास्त.
कोर्टाबाहेर टायपिंग करणारे कोरे आहेत,
दाहिने मूड म्हटलं की डावीकडे वळतात
आणि घाईनं परत जुळवून घेतात,
जणू खोडरबर आहे पायाला.

जावेचा मुलगा अमेरिकेत, ओहायो नावाच्या राज्यात.
व्हिडिओवर माझी टोपी बघून हसला नाही.
म्हणाला, काकू, हितंपण असतंय की हे.
दर राज्याची आपली आपली पलटण,
महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायत,
सोमवारी परत कोण दाढा काढतंय, कोण ट्रक चालवतंय.
पूर आला की गव्हर्नर बोलावतो,
लढाई आली की दिल्ली. म्हणजे त्यांची दिल्ली.
मी विचारलं, बंदूक घरी नेतात?
पलटणीची कोठारातच, म्हणाला,
घरोघरी ज्याच्या त्याच्या असतात त्या वेगळ्या.
अडीचशे वर्षं भांडतायत ही माणसं,
हत्यार कुणाचं अन् हुकूम कुणाचा.

मग त्यानं शेजारच्या पोरीचं सांगितलं.
बेकरीत पाव भाजते.
एका उन्हाळ्यात तिला तिच्याच गावात उभं केलं, ढाल देऊन.
समोरच्या गर्दीत तिच्या शाळेतल्या बाई.
मग?
मग काय. दोघींनी ओळख दाखवली नाही.

पुरात असलं काही नसतं.
आयर्विन पुलावरचे आकडे एकेक करून पाण्याखाली गेले
तेव्हा गावभागातल्या जिन्यावरून
मी एक म्हातारी, दोन शेळ्या आणि एक शिलाई मशीन उतरवलं.
खाली होडीत सगळे मला बाई म्हणत होते,
कुणी नाव विचारलं नाही, मीही नाही.
तो भत्ता नऊ महिन्यांनी आला.

मार्चमध्ये मात्र मार्केट यार्डाच्या गेटवर ड्युटी लागली.
हळदीच्या बायकांचा संप, पोत्यामागं दोन रुपये.
मिळाले असते तर मलाही मिळाले असते.
मी दोरीच्या अलीकडं,
पलीकडं माझीच पाळी, माझाच ड्रम,
चाळीस-पन्नास जणींचे पिवळे हात वर.
उन्हात लाठीला घाम सुटतो हे तेव्हा कळलं.
माझे हात मागे. सवयीनं.

अक्काताई पहिल्या रांगेत होत्या.
घोषणा मधेच सोडून
दोरीवर वाकून म्हणाल्या,
वैजू, डबा खाल्लास का गं?
मी म्हटलं, मागे व्हा.
एवढंच येत होतं तोंडात त्या वेळी.

संध्याकाळी रजिस्टरात लिहिलं:
लाठी जमा, शिटी जमा.
शेवटचा रकाना, काही नुकसान.
कोरे म्हणाले, रेघ मारा.
मारली.

चौथ्या दिवशी सव्वा रुपयावर मिटलं.
सकाळी गेले तर ड्रम आधीच फिरत होता,
धुळीत कुणाचा चेहरा धड दिसत नव्हता.
माझ्या जागेवर पोत्याची एक घडी ठेवलेली,
नीट, चौकोनी.
मी बसावं म्हणून,
का बसू नये म्हणून,
विचारायला जायचं तर ड्रम थांबवावा लागतो.